पोलादाचं नाव आणि वस्तऱ्याची धार

वस्तरा विकत घ्यायची वेळ मराठी गृहस्थावर पूर्वी सहसा येतच नसे. वस्तरा असायचा न्हाव्याच्या धोकटीत. तो कुठल्या बनावटीचा घ्यावा, दगडावर कधी लावावा, चामड्यावर किती हात मारावेत, हे न्हावी बापाच्या शेजारी बसून शिकलेला असायचा. गिऱ्हाइकानं गाल पुढे करायचा आणि सुगीला बलुतं द्यायचं, एवढाच त्याचा या विद्येशी संबंध. पुढे सेफ्टी रेझर आला. जिलेटनं १९०३ साली अमेरिकेत तो विकायला काढला, तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. मग पहिलं महायुद्ध आलं, अमेरिकी सैनिकांना सरकारनंच रेझर पुरवले आणि घरी आपल्या हातानं दाढी करणं ही जगभर सामान्य गोष्ट झाली. आपल्याकडचा पुरुष न्हाव्याच्या हातून सुटला तो थेट ब्लेडच्या हाती गेला. मधला, स्वतःचा वस्तरा बाळगण्याचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

युरोपात तो टप्पा चांगला दीडशे वर्षं टिकला. पॅरिसमध्ये सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या ज्याँ-जाक पेरे या कारागिरानं १७६९ साली आपली दाढी आपण कशी करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. धार लावायचे दगड कसे ओळखावेत आणि वस्तरा फिरवायचं चामडं कसं तयार करावं, तेही त्यात सांगितलं. आपल्याकडे हे ज्ञान कुणाला नव्हतं असं नाही. ते बोटांत होतं, कागदावर आलं नाही. आणि आता तर ते बोटांतूनही चाललं आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीनं सलूनमधला वस्तरा बदलला. आज तिथे दिसतो तो अर्धं मोडलेलं ब्लेड अडकवायचा सांगाडा. आकार वस्तऱ्याचा, धार ब्लेडची, आणि गिऱ्हाईक उठलं की ती कचऱ्यात. आरोग्याच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. पण त्यामुळे पोलाद पारखणारा शेवटचा माणूसही त्या कामातून मोकळा झाला.

अशा वेळी खऱ्या, एकसंध पात्याच्या वस्तऱ्याकडे पुन्हा वळणारी काही मंडळी आहेत. हौस म्हणून, रोज फेकायच्या प्लास्टिकचा कंटाळा आला म्हणून, किंवा आजोबांच्या ट्रंकेत एक सापडला म्हणून. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या पोलादाचा घेऊ? ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे, आणि प्रस्तावनेतच सांगून टाकतो की माझ्या मते हा प्रश्न क्रमानं चौथा आहे. त्याआधी पाणी कसं पाजलंय, पातं कसं घासलंय आणि धार कोणी लावली हे तीन प्रश्न येतात. तरीही लोक पोलादाचं नाव आधी विचारतात, कारण नाव विकत घेता येतं; बाकीच्या गोष्टी पारखाव्या लागतात.

नावाचा हा मोह जुना आहे आणि त्याच्या गोष्टीत मुंबईही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना भारतीय पोलादाच्या वड्या पाठवल्या. हे पोलाद म्हणजे ‘वूट्झ’. मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा घालून, मूस बंद करून, तासन्‌तास भट्टीत ठेवून ते दक्षिणेत बनवत. तेलंगणातल्या निर्मळजवळच्या कोनसमुद्रमसारख्या गावी ते घ्यायला इराणी व्यापारी येत. जॉर्ज पिअर्सन यांनी या वड्यांवर प्रयोग करून १७९५ साली निबंध वाचला, त्याच्या शीर्षकात मात्र हे पोलाद मुंबईत तयार होतं असं लिहिलं आहे. ज्या बंदरातून माल निघाला त्याचंच नाव मालाला चिकटलं! ते पोलाद घडवून पाहायचं काम ज्याच्याकडे आलं तो जेम्स स्टोडार्ट हा लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणारा कारागीर होता. त्याला ते इतकं भावलं की त्यानं आपल्या दुकानाच्या छापील कार्डावरच जाहिरात केली : आमचे वस्तरे भारतीय वूट्झचे, आणि युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा आम्ही तेच पसंत करतो.

पुढे याच स्टोडार्टनं एका तरुणाला हाताशी धरलं. तो तरुण लोहाराचा मुलगा होता आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करत होता. त्याचं नाव मायकेल फॅरडे. वूट्झचं गुपित काय, त्यात असं काय मिसळलंय, या शोधात दोघांनी पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी असं काय काय घालून पाहिलं आणि १८२० व १८२२ साली निबंध छापले. फॅरडेनं आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. चांदीचा अनुभव गमतीचा आहे. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी कशीबशी सामावते. जास्त घातली तर पोलाद थंड होताना ती मण्यांसारखी बाहेर येते. तरीही ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव इंग्लंडातल्या शेफील्ड शहराच्या बाजारानं उचललं आणि वस्तऱ्यांच्या पात्यांवर झोकात कोरलं. आज इंग्लंडात सिल्व्हर स्टील नावाची चकचकीत सळई हत्यारांसाठी मिळते. तिच्यात चांदीचा कणही नसतो.

पोलादतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी फॅरडेच्या पोलादांच्या पेटीतले ७९ नमुने तपासून १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पण वूट्झचं गुपित कुठल्या दुर्मीळ धातूत नव्हतंच. त्यात भरपूर कार्बन होता, आणि तो कसा पसरलाय, थंड होताना त्याचे कण कुठे बसलेत, यावर सगळं अवलंबून होतं. म्हणजे पोलादात काय घातलं यापेक्षा पोलादाचं काय केलं, हाच प्रश्न.

आता जरा पोलादाकडेच वळू. वस्तऱ्याच्या साध्या, गंजणाऱ्या पोलादात कार्बन साधारण १ ते १.३ टक्के असतो. ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवलं की त्याची आतली रचना बदलते आणि ते काचेसारखं कडक होतं. आपला लोहार यालाच पाणी पाजणं म्हणतो. या अवस्थेत वस्तरा फरशीवर पडला तर तुकडे होतील. म्हणून त्याला पुन्हा दोनशे अंशांच्या आतबाहेर हलकं तापवायचं, थोडा कडकपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा. किती सोडायचा हीच खरी कला. चांगल्या वस्तऱ्याचा कडकपणा रॉकवेल मापावर ५९ ते ६३ च्या दरम्यान असतो. त्याच्या खाली गेला तर धार मुडपते, फार वर गेला तर तिचे कपचे उडतात. एकाच गाडीतून आलेलं पोलाद दोन कारागिरांनी घेतलं, तर एकाचा वस्तरा तीस वर्षं चालेल आणि दुसऱ्याचा तीन दाढ्यांत बसेल. पात्यावर कोरलेलं पोलादाचं नाव दोन्हीकडे सारखंच असेल.

गंज न चढणारं पोलाद १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी पुढे आणलं. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम होतं. वस्तऱ्याच्या जुन्या रसिकांनी या स्टेनलेसला बराच काळ नाक मुरडलं, आणि तेव्हा ते अगदीच चूक नव्हते. क्रोमियम आणि कार्बन मिळून पोलादात कडक दाणे तयार होतात. नीट लावलेली धार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. त्या धारेत दहा-वीस मायक्रॉनचा दाणा आला तर तो पुरणात राहिलेल्या न वाटल्या डाळीसारखा लागतो. निसटतो आणि जागी खाच सोडतो. ४४०सी नावाच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम सतराच्या. सुरी म्हणून ते झकास, पण वस्तऱ्यात या दाण्यांपायी धारेला थोडी करवत राहते. उलट स्वीडनमध्ये खास ब्लेडसाठी तयार झालेली एईबी-एल आणि १३सी२६ ही पोलादं घ्या. त्यांत कार्बन मुद्दाम पाऊण टक्क्याच्या आत ठेवला आहे, क्रोमियम १३ टक्के, आणि दाणे फार बारीक. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीनं पोलादाला गोठणबिंदूच्या खूप खाली नेऊन कडक करण्याची ‘फ्रिओडूर’ पद्धत १९३९ साली आणली. त्या कंपनीचे जुने स्टेनलेस वस्तरे हातात घेतल्यावर स्टेनलेसविरुद्धचा राग ओसरतो. तेव्हा ‘कार्बन चांगलं की स्टेनलेस’ असं भांडण मला पटत नाही. बारीक दाण्याचं स्टेनलेस जाड दाण्याच्या कार्बन पोलादापेक्षा केव्हाही बरं.

फरक मात्र आहे, आणि तो दगडावर कळतो. कार्बन पोलाद लवकर झिजतं, लवकर धार घेतं, नवशिक्याच्या चुका माफ करतं. स्टेनलेस दगडाखाली हट्ट धरतं. आणि दुसरा फरक हवेचा. पुण्यात किंवा नागपुरात कार्बनचा वस्तरा पुसून, कोरडा करून ठेवला की काम भागतं. रत्नागिरी, पणजी, मुंबईच्या पावसाळ्यात मात्र रात्रीत तांबूस ठिपके येतात. तेही धारेवर, जिथे पोलाद सर्वांत पातळ असतं. तिथे राहणाऱ्यानं एकतर स्टेनलेस घ्यावं, नाहीतर रोज शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायची शिस्त लावून घ्यावी. दोन्ही जमणार नसेल तर सलून आहेच.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत ती : पात्याचा घाट. विळी, कोयता, स्वयंपाकाची सुरी यांना धार लावताना कोन हाताला धरावा लागतो. वस्तऱ्याला तसं नाही. दगडावर त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, म्हणून कोन घडवणाऱ्यानं पाठीच्या जाडीत आधीच बांधून ठेवलेला असतो. पातं १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल तर कोन साधारण १६ अंश येतो. सुरीचा याच्या जवळजवळ दुप्पट असतो. वर्षानुवर्षं दगडावर रगडून पाठ झिजली की कोन बिघडतो, आणि मग जगातलं कुठलंही पोलाद उपयोगाचं नाही. जुना वस्तरा घेताना म्हणूनच आधी पाठ बघावी. तिच्यावर चपटा पट्टा दिसतो; तो अरुंद आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा.

पूर्वीचे शेफील्डचे वस्तरे पाचरीसारखे भरीव, जड असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलिंगेनच्या घासणाऱ्यांनी लहान व्यासाच्या चाकांवर पात्याच्या दोन्ही बाजू आत पोकळ घासायची कला कळसाला नेली. असं पूर्ण पोकळ पातं धारेजवळ इतकं पातळ होतं की नखावर हलकं दाबलं तर लवतं, आणि दाढी करताना बारीक आवाज काढतं. तो आवाज अनेकांना वेड लावतो. पण जाड, खरखरीत दाढीला अतिपोकळ पातं थरथरतं. तिथे अर्धपोकळ किंवा जुनं पाचरी पातं शांतपणे काम करतं. रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात : पाच-अष्टमांश आणि सहा-अष्टमांश ही रोजची मापं. चार-अष्टमांश मिशीच्या कडेला छान. पूर्ण इंचाचा वस्तरा दिसायला रुबाबदार, नाकाखाली अडचणीचा. टोक गोल असावं. चौकोनी टोक कानाजवळ सफाईदार चालतं खरं, पण ते शिकेपर्यंत कानाची पाळी वाचली पाहिजे.

ही घासाई स्वस्तात झालेली नाही, हे सांगायला हवं. शेफील्डच्या कारखान्यांत दगडाच्या चाकावर ओणवून काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ बसे आणि त्यांतले कित्येक चाळिशीही गाठत नसत. तिथल्या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात याच्या नोंदी केल्या आहेत. जुन्या वस्तऱ्याचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

पोलादाच्या नावांसारखीच गावांच्या नावांचीही गोष्ट आहे. शेफील्डची कीर्ती बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली तिथून वाढली, पण त्या पोलादाचा कच्चा माल स्वीडनच्या दानेमोराच्या खाणीतला होता. त्या लोखंडात गंधक आणि फॉस्फरस फार कमी. स्वीडनचे स्वतःचे वस्तरे एस्किल्स्टुना गावात होत, आणि ते सहसा शेफील्डपेक्षा कडक लागतात : दगडावर वेळ खातात, मग धार दीर्घ काळ टिकवतात. सोलिंगेन या दोघांच्या मध्ये. जपानी ‘कामिसोरी’ ही वेगळीच चीज आहे. तिला मिटायची मूठ नसते, दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि कडक पोलाद मऊ लोखंडावर सांधलेलं असतं. फ्रान्समध्ये तिएर गावी वस्तरे घडवण्याची परंपरा अजून चालू आहे. सोलिंगेनचं नाव १९३८ पासून कायद्यानं राखलेलं आहे. महत्त्वाची सगळी कामं त्या भागात झाल्याशिवाय ते मालावर घालता येत नाही. पण ‘जर्मन स्टील’ या दोन शब्दांना असं कुठलंच कुंपण नाही. हजारभर रुपयांत मिळणाऱ्या चकचकीत वस्तऱ्यांवर तेच शब्द असतात, आणि त्यांतले बहुतेक पाणी न पाजलेले, वाकडे, पाठ एका बाजूला जाड असे असतात. खोकी उघडायला ठीक. दाढीची अपेक्षा त्यांच्याकडून करणं म्हणजे आपणच आपली बिनपाण्यानं करून घेणं.

डमॅस्कसचं काय, असं विचारलं जाईलच. आज त्या नावानं विकलं जातं ते बहुतेक दोन पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेलं पातं. नक्षी देखणी असते आणि चांगल्या कारागिरानं केली तर धारही चांगली. पण ती धार नक्षीमुळे येत नाही, पोलादाच्या कडकपणामुळे येते. दागिना म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा. पहिला वस्तरा म्हणून घेऊ नये.

जुना वस्तरा शोधायला पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार ही चांगली ठिकाणं. पात्याच्या शेपटाजवळ देशाचं नाव असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेनं तेव्हापासून आयात मालावर मूळ देश कोरणं सक्तीचं केलं आणि कारखान्यांनी तीच सवय लावून घेतली. पात्याच्या मध्यावरचे गंजाचे डाग चालतील. धारेवरचे खड्डे चालत नाहीत. नखानं टिचकी मारा. अखंड पातं घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मूठ सेल्युलॉइडची असेल तर नाक जवळ न्या. कापरासारखा, आंबूस वास येत असेल तर ती मूठ कुजते आहे आणि तिच्यातून निघणाऱ्या वाफांनी पातं आतूनच गंजत असणार. हाडाच्या, शिंगाच्या मुठीला हा रोग नाही.

शेवटी केसाबद्दल. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं आणि २०२० साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. पातं नुसतं घासून बोथट होत नाही. केस वाकतो, धारेच्या एका बाजूला ताण देतो, आणि जिथे आधीच बारीक खाच किंवा पोलादाच्या रचनेत उणीव आहे तिथला कपचा उडवतो. त्यांचे प्रयोग सुट्या ब्लेडवरचे होते, पण वस्तरा वापरणाऱ्यानं त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दाढी कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं नीट भिजवा, कारण भिजलेला केस कापायला फार कमी जोर लागतो. आणि दगडावर धार लावताना जाड दगडाच्या खुणा बारीक दगडानं पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. राहिलेली प्रत्येक रेघ म्हणजे उद्याचा कपचा.

म्हणून पुस्तिकेत पहिलं प्रकरण दगडांचं आहे. बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला पिवळा कोटिक्यूल, त्यातले गार्नेटचे कण, जपानी पाणदगड, आणि आपल्याकडे सहज मिळणारे ४०००, ८००० आणि १२००० नंबरचे कृत्रिम दगड. दुसरं चामड्याच्या पट्ट्याचं, तिसरं घाटाचं, आणि चौथं पोलादाचं. खर्चाची वाटणीही मी त्याच क्रमानं करायला सांगेन. दहा हजार रुपये असतील तर निम्मे दगड आणि पट्ट्याला ठेवा. उरलेल्यांत पाच-अष्टमांश रुंदीचा, गोल टोकाचा, साध्या कार्बन पोलादाचा जुना सोलिंगेन मिळतो का पाहा. नवा घेतला तर विकणाऱ्याला आधी विचारा की धार दगडावर हातानं लावली आहे की कारखान्याच्या चाकावरून आहे तशीच पाठवली आहे. बरेच नवे, महागडे वस्तरेही दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि ते पहिल्याच दिवशी गालावर ओढले की माणूस पोलादाला शिव्या घालतो.